रविवारची सुटी आणि माथेरानचा डोंगर

सहा दिवस काम आणि सातव्या दिवशी विसावा ही कालगणना आता इतकी अंगवळणी पडली आहे की, ती सृष्टिक्रमातीलच एक गोष्ट असावी असे वाटते. शनिवार उजाडला की मुंबई-पुण्याचा नोकरदार माणूस एखादी पिशवी भरतो आणि लोणावळा, माथेरान, पाचगणी अशा एखाद्या चिमुकल्या गावाची वाट धरतो. दोन दिवस तेथील हवा खाऊन सोमवारी तो पुन्हा आपल्या मेजापाशी हजर होतो. या छोट्याशा प्रवासाला दोन गोष्टी अवश्य लागतात : जाण्यासारखे ठिकाण आणि जाण्यापुरती सवड. ठिकाण निसर्गाने दिले आणि सवड पंचांगाने दिली, असा सर्वसाधारण समज असतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. ही दोन्ही माणसांनी मिळवलेली आहेत. तीही वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या हेतूंनी.

इंग्रजी अमलापूर्वी महाराष्ट्रात विश्रांतीचे दिवस नव्हते असे नाही. परंतु ते वाराने ठरत नसत, तिथीने ठरत. अमावास्येला शेतकरी औत धरीत नसे. सणावारी कारागिराची हत्यारे पूजेला लागत. रविवार हा खंडोबाचा वार खरा. पण त्या दिवशी सगळ्यांनीच काम बंद ठेवावे असा दंडक नव्हता. प्रवासही होता, पण तो यात्रेचा, लग्नकार्याचा, बाजाराचा किंवा मोहिमेचा. केवळ हवापालट करण्यासाठी चार दिवस परगावी जाऊन राहावे, ही कल्पना आली ती उन्हाळ्याने हैराण झालेल्या इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत महाबळेश्वरचे ठाणे वसले. १८६४ पासून हिंदुस्थान सरकारचे सारे दफ्तरच उन्हाळ्यात सिमल्याला जाऊ लागले. ही थंड हवेची ठिकाणे मोसमापुरती होती. तेथे जाणाऱ्यापाशी महिना दोन महिन्यांची फुरसत आणि बरोबर नोकरचाकरांचा लवाजमा असावा लागे. आठवड्याच्या सुटीत जाऊन येण्याचे ठिकाण ही त्यापुढची पायरी होय, आणि तिचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे माथेरान.

१८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम डोंगराच्या पायथ्याशी चौक येथे होता. समोरच्या डोंगरावर काय आहे या कुतूहलाने ते वर चढले. वरचे घनदाट रान आणि थंड वारा पाहून ते इतके प्रसन्न झाले की, त्याच वर्षी नोव्हेंबरात ते पुन्हा आले आणि पुढे त्यांनी तेथे घरही बांधले. इंग्रजी पुस्तकांतून या घटनेला माथेरानचा शोध असे म्हटलेले आढळते. तो शब्द जपून वापरावयास हवा. डोंगराच्या उतरणीवर ठाकूर, कातकरी आणि धनगर कितीतरी पिढ्यांपासून राहत होते. रानातील पायवाटा त्यांनीच पाडलेल्या होत्या, आणि माथ्यावरचे रान या अर्थाचे नावही डोंगराला आधीपासून होते. मॅलेट यांनी शोधला तो डोंगर नव्हे. त्यांनी डोंगराचा एक नवा उपयोग शोधला. १८५५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी येथे येऊन आपल्या बंगल्यासाठी जागा निवडली, आणि मग या उपयोगाला सरकारी प्रतिष्ठा मिळाली. लुईझा, अलेक्झांडर, गार्बट, शार्लट अशी नावे कड्यांना आणि तलावाला पडली, ती या काळाची खूण होय. नावे पाहुण्यांची आणि वाटा रहिवाशांच्या, अशी ही विभागणी होती.

तरीही माथेरान महाबळेश्वरची धाकटी प्रत झाले नाही. याचे कारण आगगाडी. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी धावली, आणि तीन वर्षांत, १८५६ साली, हा मार्ग कल्याणवरून नेरळच्या पुढे खोपोलीपर्यंत गेला. मुंबईपासून सुमारे ८७ किलोमीटरवरचे नेरळ काही तासांच्या टप्प्यात आले. नेरळहून वर जाणारी सुमारे सात मैलांची चढण मात्र तशीच राहिली. ती कोणी घोड्यावरून चढे, कोणी डोलीतून. तरीही मुंबईच्या पारशी, बोहरी आणि हिंदू धनिकांनी इंग्रजांच्या पाठोपाठ येथे बंगले उभारले. ज्याला आठवड्यातून एक दिवस मोकळा होता आणि ज्याच्या खिशात डोलीचे भाडे होते, त्याला आता शहर सोडून डोंगरावर जाता येऊ लागले.

परंतु असा दिवस किती जणांना होता? सरकारी कचेऱ्या ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे रविवारी बंद असत. ज्या मुंबईतून ही गाडी निघे, त्या मुंबईतच आणखी एक जग आकाराला येत होते. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कापडगिरणीची उभारणी केली आणि दोन वर्षांत ती सुरू झाली. रेल्वेने नेरळ जवळ आणले ते ज्या वर्षी, त्याच वर्षी मुंबईत गिरणीचे चक्र फिरू लागले. कोकणातून आणि घाटावरून आलेली हजारो माणसे या चक्राला जुंपली गेली. काम सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्यास्ताला थांबे. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम तेरा तासांच्याही वर जाई. आठवड्याची सुटी नव्हती. सणाला गिरणी बंद राही, आणि एरवी रविवारी यंत्रे थांबली तरी ती साफ करण्यासाठी कामगाराला यावेच लागे. १८८१ चा पहिला कारखाना कायदा झाला, तोही मुख्यतः लहान मुलांपुरता. महिन्यातून चार सुट्या मिळाल्या त्या मुलांना. त्यांच्या आईबापांना नव्हेत.

या आईबापांसाठी सुटी मागणारा माणूस ठाण्याचाच निघाला, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ चा. ठाण्याचे कलेक्टर माथेरानचा कडा चढले, तेव्हा ठाण्यातले हे मूल दोन वर्षांचे होते. पुढे लोखंडे यांनी रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली. नंतर एका कापडगिरणीत कोठारावर कारकुनी केली. गिरणीचे जग त्यांनी असे आतून पाहिले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचाराचे ते अनुयायी होते, आणि १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्र त्यांनी मुंबईतून चालवले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळ येथे कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज कारखाना आयोगापुढे ठेवला. रविवारची पूर्ण सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार आणि कामावर जायबंदी झालेल्यास भरपाई, अशा त्या मागण्या होत्या. आज त्या वाचताना त्यांतील नम्रपणाच मनाला अधिक लागतो. सूर्य मावळेपर्यंत काम करण्याची तयारी होती. मागणे होते ते सातव्या दिवसाचे.

हा दिवस मिळण्यास आणखी सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत कामगारांची प्रचंड सभा भरली. सुमारे दहा हजार लोक जमले होते आणि त्यांत दोन स्त्रियांनीही भाषणे केली. त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने तिला कायद्याचे पाठबळ मिळाले. लोखंडे १८९७ मध्ये निवर्तले. आज रविवारी सकाळी उशिरा उठणाऱ्या किती जणांना त्यांचे नाव ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे.

मिळालेल्या रविवारचे कामगाराने काय केले? तो माथेरानला गेला नाही. चाळीतल्या एका खोलीत दाटीने राहणाऱ्या माणसाचा रविवार कपडे धुण्यात, गाववाल्यांना भेटण्यात, भजनात, तालमीत आणि गावी पत्र लिहवून घेण्यात जाई. त्याचा प्रवास वर्षातून एकदाच, शिमग्याला किंवा गणपतीला, आपल्या गावाकडे होत असे. सुटी त्याने मिळवली होती. डोंगर अजून दुसऱ्यांचा होता.

या दोहोंमधील अंतर थोडे कमी केले ते एका व्यापाऱ्याने. सर आदमजी पीरभॉय हे गरिबीतून वर आलेले बोहरी गृहस्थ. त्यांनी पैसा पुरवला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात नेरळ ते माथेरान अशी रेल्वे बांधली. खर्च सुमारे सोळा लाख रुपये आला. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून ही गाडी सुमारे २१ किलोमीटर वळणे घेत चढते. काही ठिकाणी वीस फूट चालीत एक फूट इतका खडा चढ आहे. १९०५ मध्ये माथेरानला नगरपालिका मिळाली होतीच. आता डोलीच्या भाड्याऐवजी तिकिटाचा दर आला. बंगला नसलेला कारकून, शिक्षक, दुकानदार, असा मध्यम स्थितीतील माणूस मुलाबाळांसह येथे येऊ लागला.

गाव पाहुण्यांमुळे वाढले, तरी ते केवळ पाहुण्यांचे नव्हते. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच भाई कोतवाल, यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानलाच एका नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेत त्यांनी उपाध्यक्षपद सांभाळले आणि पायथ्याच्या खेड्यांतील शेतकऱ्यांत व आदिवासींत काम केले. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांशी झालेल्या चकमकीत भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. ज्या रानवाटांवरून लोक सहलीस जात, त्या वाटांचा असाही एक उपयोग डोंगरावरच्या माणसाला ठाऊक होता.

स्वातंत्र्यानंतर सुटीचा परीघ वाढत गेला. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याच्या कामाला ४८ तासांची मर्यादा ठेवली. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत १९८५ पासून, आणि महाराष्ट्र शासनाच्या कचेऱ्यांत २०२० च्या फेब्रुवारीअखेरीपासून पाच दिवसांचा आठवडा आला. सुटीचा एक दिवस होता, त्याचे दोन झाले. नेरळहून दस्तुरीपर्यंत मोटाररस्ताही झाला. माथेरानने मात्र मोटारीला दस्तुरीच्या नाक्यावरच थांबवले. २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम म्हणून घोषित केला आणि या जुन्या शिस्तीवर कायद्याचे शिक्कामोर्तब झाले. रुग्णवाहिका आणि आगीचा बंब एवढाच अपवाद तेव्हा होता. डोंगर किती नाजूक आहे, हे पाऊस अधूनमधून सांगतच असतो. २००५ च्या जुलैतील अतिवृष्टीत रेल्वेमार्ग वाहून गेला, तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसाळ्यात तो पुन्हा उखडला आणि नेरळहून गाडी वर येण्यास २०२२ चा ऑक्टोबर उजाडावा लागला.

मोटार नसल्यामुळे लाल मातीचे रस्ते, झाडांची सावली आणि शांतता टिकून राहिली, हे निर्विवाद आहे. पण मोटारीचे काम कोणीतरी करतच होते. दस्तुरीपासून बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर पाहुण्यांचे सामान डोक्यावरून जाई, आणि चालू न शकणारा पाहुणा हातरिक्षातून जाई. एका हातरिक्षाला बहुधा तीन माणसे लागत : एक पुढे ओढणारा, दोघे मागून रेटणारे. २०११ च्या जनगणनेत ज्या गावाची वस्ती ४,३९३ भरली, त्या गावात सुमारे शंभर हातरिक्षांना परवाने होते. शहरातल्या माणसाचा रविवार हा या माणसांचा सर्वांत जड कष्टाचा वार. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरवली, सहा महिन्यांत ती बंद करण्यास सांगितले आणि रिक्षा ओढणाऱ्यांच्या पोटापाण्यासाठी विजेवरच्या रिक्षांची योजना आखण्याचा आदेश राज्य शासनास दिला. त्याच वेळी गावातील आतल्या वाटांवर पेव्हर ब्लॉक बसवू नयेत, अशी काळजीही न्यायालयाने घेतली. घोडेवाल्यांनी आपल्या उपजीविकेचा प्रश्न मांडला होता, तोही खोटा नव्हे.

परळच्या सभेपासून या निर्णयापर्यंत १४१ वर्षे गेली. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता : एकाच्या सुखासाठी दुसऱ्याच्या शरीराने किती झिजावे? लोखंडे यांनी त्याचे उत्तर गिरणीच्या दारात मागितले. डोंगरावर ते फार उशिरा पोहोचले. लहान गावाची सहल ही चांगलीच गोष्ट आहे. तिने माणसाला आपला देश पायाखाली घालून पाहता येतो. फक्त कड्यावर उभे राहून पाहुण्याने खालचे खोरे न्याहाळावे, तेव्हा त्याच्या हातातला मोकळा दिवस गिरणगावातून आलेला आहे आणि त्याच्या पायाखालची वाट ठाकूर-कातकऱ्यांनी पाडलेली आहे, एवढे त्याच्या ध्यानात असावे. ज्या गावी आपण विसाव्यास जातो, त्या गावालाही आठवड्यातून एक दिवस विसावा मिळतो की नाही, ही चौकशी करणे हे पाहुण्याच्या साध्या शिष्टाचारातच मोडते.