औषधाच्या दुकानाची पाटी

आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात औषधाच्या दुकानाला सरसकट 'मेडिकल' म्हणतात. कायद्याच्या लेखी मात्र सगळी मेडिकल एका मापाची नाहीत. असे का, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

घाटाखाली पोर्तुगीज अमलातल्या पणजीत १८४२ साली वैद्यकशाळा निघाली आणि तिथे औषधे बनवण्याची विद्याही शिकवली जाऊ लागली. ब्रिटिश मुलखात मात्र औषध विकणाऱ्याला देशभर लागू अशी शिक्षणाची अट नव्हती. १९३० साली कर्नल रा. ना. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली गेली. भेसळ आणि निकृष्ट औषधे यांना आवर घालण्याचा विचार तिथून पुढे सरकला. १९४० चा औषध कायदा, १९४५ चे नियम आणि १९४८ चा फार्मसी कायदा ही त्याचीच फळे.

कायदा झाला, पण शिकलेली माणसे आणायची कुठून? म्हणून पहिल्या नोंदवहीत दवाखान्यात पाच वर्षे औषधे कालवलेल्या कंपाउंडरांनाही जागा दिली गेली. छोट्या गावांतला फार्मासिस्ट मला या कंपाउंडरांचा वारसदार वाटतो.

ही नोंदवही राज्यवार असते. १९५६ साली आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरला गेला. तेव्हापासून घर चंदगडला आणि दुकान बेळगावला असणाऱ्याने नाव कोणत्या राज्यात घालायचे, हा प्रश्न फक्त सीमाभागालाच पडतो.

आता पाटीकडे वळू. 'ड्रगस्टोअर' म्हणजे नोंदणीकृत फार्मासिस्टची सक्ती नसलेले दुकान. 'केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स' म्हणजे फार्मासिस्ट आहे, पण औषधे तिथे बनत नाहीत. 'फार्मसी' म्हणजे चिठ्ठीबरहुकूम औषध बनवून देण्याचीही सोय. परवाना दर्शनी जागी लावावा लागतो. २०१५ च्या नियमांनुसार फार्मासिस्टच्या कोटावर नाव आणि नोंदणी क्रमांकही हवा.

तरीही कित्येक ठिकाणी प्रमाणपत्र भिंतीवर असते आणि ज्याचे नाव त्यावर आहे तो माणूस परगावी. गल्ल्यावरचा पोऱ्या चिठ्ठीतले अक्षर अंदाजाने लावतो. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या आजीला दुखण्यावरची कोणती गोळी चालणार नाही, हे त्याने सांगावे कसे? "फार्मासिस्ट कोण आहेत? त्यांना बोलवा," एवढे म्हणायला आपण संकोचतो. तो संकोच सोडला पाहिजे. चिठ्ठीवरचे औषध फार्मासिस्टच्या देखरेखीखाली मिळणे हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे.