‘पुढे न्या’ : कोकणातल्या तातडीच्या उपचारांचा इतिहास

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीवरचा खंड १८८० साली निघाला. त्यातला फुरशांविषयीचा मजकूर वाचताना मी दर वेळी थबकतो. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे इतके माजले होते, की सरकारने प्रत्येक मेलेल्या फुरशामागे बक्षीस लावले. १८६२च्या डिसेंबरात बक्षिसाची रक्कम वाढवली, तेव्हा अवघ्या आठ दिवसांत लाखाहून अधिक फुरशी कचेरीत जमा झाली. मोजायला बसलेल्या कारकुनांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. मला मात्र त्या नोंदीत दुसरेच काही खटकते. सापांची मोजदाद एवढी नेटकी होती, पण ज्याला पान लागले त्याला कुठे न्यायचे, किती वेळात न्यायचे, वाटेत काय करायचे, याचा त्या मजकुरात विचार नाही. साप मारणे हे सरकारचे काम होते आणि माणूस वाचवणे हे ज्याच्या त्याच्या नशिबाचे.

कोकणातल्या वैद्यकीय सोयींचा इतिहास साधारणपणे इमारतींच्या क्रमाने सांगतात. अमुक साली दवाखाना, तमुक साली ग्रामीण रुग्णालय, मग जिल्हा रुग्णालय, किती खाटा, किती डॉक्टर. हा लेख लिहिताना मी दुसरे माप घेतले आहे. आजार किती तास थांबू शकतो, हे ते माप. हर्निया थांबतो, मुतखडा कळा देत देत थांबतो, मोतीबिंदू तर वर्षानुवर्षे थांबतो. अडलेली बाळंतीण, विंचूदंश, सर्पदंश, छातीत आलेली कळ, गाडीखाली सापडलेला माणूस थांबत नाहीत. या दोन प्रकारच्या रुग्णांचे इतिहास वेगळे आहेत, आणि बहुतेकदा आपण पहिल्याचा इतिहास दुसऱ्याच्या नावावर खपवतो.

थांबू शकणाऱ्या रुग्णाची सोय कोकणाने स्वतःपुरती लावून घेतली होती. ती सोय म्हणजे मुंबई. १९२६ साली परळला केईएम रुग्णालय सुरू झाले ते नेमके गिरणगावाच्या कुशीत. लालबाग-परळच्या चाळींत जवळजवळ प्रत्येक गावाचा कुणी ना कुणी चाकरमानी होताच. रुग्ण बोटीने किंवा पुढे एसटीने यायचा, गाववाल्याच्या खोलीत वळकटी टाकायचा, सकाळी केईएमच्या रांगेत उभा राहायचा. कर्करोगाची शंका असली तर १९४१पासून जवळच टाटा रुग्णालय होते. घाटाजवळच्या गावांतले लोक आंबा घाट चढून कोल्हापूर-मिरजेकडे जात. मिरजेला डॉ. वानलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ साली उभे राहिले होते आणि रेल्वेच्या जंक्शनमुळे लांबलांबचे रुग्ण तिथे पोचत. ही व्यवस्था गैरसोयीची होती, पण व्यवस्था होती. तज्ज्ञ आपल्याकडे येत नाही, आपण तज्ज्ञाकडे जातो, हे कोकणी माणसाने इतके अंगवळणी पाडून घेतले, की ‘मुंबईला न्या’ हाच एक उपचार होऊन बसला.

माझे आजोळ पोलादपूर तालुक्यातले. तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ‘पुढे न्या’ हे शब्द मी फार ऐकले आहेत. गावातून डोलीने सडकेपर्यंत, सडकेवरून मिळेल त्या गाडीने महाडला, महाडहून पुढे. जो डॉक्टर भेटेल तो पुढचे गाव दाखवायचा. हा ‘पुढे’ शब्द थांबणाऱ्या रुग्णाला एक दिवस महाग पडायचा, न थांबणाऱ्याला जीव.

म्हणून या इतिहासातला कळीचा प्रसंग मला एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या उद्‌घाटनात दिसत नाही. तो महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दिसतो. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. मूळचे जालना भागातले, नागपुरातून एमबीबीएस झालेले. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते, रायगड ते १९८१मध्ये झाले. तांबड्या विंचवाने डंख मारलेले रुग्ण केंद्रात येत आणि त्यांतले कित्येक, विशेषतः मुले, डोळ्यांदेखत जात.

विंचवाने माणूस मरतो हे शहरातल्या वैद्यकाला तेव्हा फारसे पटत नव्हते, आणि गावातल्या मांत्रिकाला मान्य करायचे नव्हते. मांत्रिकाचा हिशोब एका अर्थाने चोख होता. काळ्या विंचवाच्या दंशाने असह्य आग होते, पण माणूस सहसा मरत नाही. तेव्हा विंचू ‘उतरवणाऱ्या’च्या खात्यावर यश आपोआप जमा व्हायचे. तांबडा विंचू दिसायला लहान, आणि त्याच्या दंशाची वेदना कधी कधी लवकर ओसरते. घरचे निर्धास्त होतात, आणि काही तासांनी रुग्णाला धाप लागते, तोंडातून फेस येतो.

बावस्करांनी केले ते वरकरणी साधे होते. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी तासातासाच्या नोंदी केल्या. आधी उलट्या, अंगाला दरदरून घाम, तोंडाला लाळ, पुरुषांमध्ये लिंगाची ताठरता, मग हातपाय गार पडणे. रक्तदाब आधी चढतो, हृदयाचे ठोके वाढतात, मग हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. म्हणजे माणूस विषाच्या वेदनेने मरत नव्हता. विषामुळे शरीरात उसळणाऱ्या द्रव्यांनी रक्तवाहिन्या आवळल्या जात होत्या आणि त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध पंप चालवता चालवता हृदय हरत होते. या पूर्वलक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आला. लंडनहून निघणाऱ्या, जगभर वाचल्या जाणाऱ्या त्या नियतकालिकात कोकणातल्या आरोग्य केंद्रातल्या नोंदी छापून आल्या, याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते असे, की गार पडलेले हात आणि घाम ही लक्षणे ओळखायला यंत्र लागत नाही. परिचारिकेला, कंपाउंडरला, शिकवले तर आईलाही ती ओळखता येतात.

कारण कळल्यावर औषधाचा शोध सुरू झाला. त्या काळी विंचूदंशावर झोपेच्या व गुंगीच्या औषधांचे मिश्रण, स्टेरॉइड, अ‍ॅट्रोपिन असे काहीबाही दिले जाई. त्यातले काही निरुपयोगी होते, काही अपायकारक. मधल्या काळात पुण्यातून एमडी होऊन बावस्कर पुन्हा याच भागात परतले होते. हे परतणे मला ठळकपणे नोंदवावेसे वाटते, कारण आपल्याकडे एमडीची पदवी ही बहुधा तालुका सोडण्याची परवानगी असते. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करण्यासाठी त्यांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरले. औषध गुणकारी, पण देणे जिकिरीचे. ते सलाइनमधून थेंबाथेंबाने द्यायचे, बाटलीवर उजेड पडू द्यायचा नाही, दर काही मिनिटांनी रक्तदाब पाहायचा. थेंब जास्त पडले तर रक्तदाब कोसळतो. म्हणजे एका रुग्णापाशी एक डॉक्टर रात्रभर. महाड-पोलादपुरात एक बावस्कर हे करू शकत होते. बाकीच्या केंद्रांत कोण करणार?

उत्तर निघाले ते एका गोळीत. प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध बाजारात होतेच. तेही रक्तवाहिन्या सैल करते, पण तोंडाने घेता येते. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, लहान मुलाला त्याच्या निम्मे, हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी. पथ्य एवढेच, की रुग्णाला एकदम उठवून बसवायचे नाही, नाहीतर रक्तदाब उतरतो. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह लिहिलेला याविषयीचा लेख १९८६मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यांच्याच नोंदींनुसार, प्राझोसिनच्या आधी गंभीर दंशाच्या रुग्णांत शंभरातले पंचवीस-तीस दगावत. नंतर हे प्रमाण एक-दोनांवर आले.

या बदलाकडे औषधाचा शोध म्हणून पाहिले, तर अर्धीच गोष्ट हाती लागते. नायट्रोप्रुसाइडच्या काळात उपचार रुग्णालयाला बांधलेला होता. गोळी आल्यावर तो रुग्णालयापासून सुटला. जो रुग्ण चार तास डोलीत आणि जीपमध्ये घालवून तज्ज्ञाकडे पोचायचा, त्याला पहिली गोळी पहिल्याच केंद्रात मिळू शकली, आणि मग तो ‘पुढे’ गेला काय किंवा न गेला काय, फरक कमी पडला. तज्ज्ञाचे ज्ञान रुग्णाच्या दिशेने निघाले, याचे माझ्या वाचनातले कोकणातले हे सर्वांत लख्ख उदाहरण आहे. पुढे विंचवाची प्रतिलसही आली. तिची आणि प्राझोसिनची सत्तर रुग्णांवरची तुलना बावस्कर दांपत्याने महाडमध्ये केली आणि २०११ साली ती ‘बीएमजे’ या ब्रिटिश नियतकालिकात छापून आली. लस आणि गोळी दोन्ही दिलेल्या पस्तीसपैकी बत्तीस रुग्ण दहा तासांत पूर्ण सावरले. नुसत्या गोळीवरच्या पस्तीसपैकी आठ. म्हणजे गोळी जीव राखते आणि लस वेळ वाचवते. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

सापाच्या बाबतीत असा सरळ मार्ग नाही. हाफकिनची प्रतिलस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. ती शिरेतून द्यावी लागते आणि तिची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून पुष्कळ ठिकाणी डॉक्टर ती टोचायला धजत नाहीत आणि चिठ्ठी लिहून रुग्ण पुढे पाठवतात. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दाताची खूण दिसत नाही, पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात आणि मग श्वासाचे स्नायू लुळे पडतात. अशा माणसाला लशीइतकाच श्वास पुरवणारा हात लागतो. रबरी पिशवी दाबत कुणीतरी शेजारी बसले, तर तो व्हेंटिलेटरपर्यंत जिवंत पोचतो. ही पिशवी फार महागाची नाही. ती दाबायला शिकलेला माणूस गाडीत असणे, हा खरा प्रश्न आहे.

त्या प्रश्नाचे एक उत्तर २६ जानेवारी २०१४ रोजी आले. त्या दिवशी राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. ९३७ गाड्या, त्यांतल्या २३३ मध्ये अतिदक्षतेची साधने, आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर. कोकणापुरते बोलायचे तर कोकण रेल्वेपेक्षाही ही घटना मला मोठी वाटते. रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली आणि थांबू शकणाऱ्या रुग्णाची मुंबई जवळ आली. १०८ने पहिल्यांदाच वाटेलाच दवाखाना मानले. पण गाडी रस्त्यावरूनच धावणार. मुंबई-गोवा महामार्गाचे रखडलेले चौपदरीकरण आपण गैरसोय म्हणून मोजतो. अपघातात सापडलेल्यासाठी ते वाया गेलेल्या मिनिटांचे मोजमाप आहे. २०१६च्या ऑगस्टमध्ये सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी महाड पाण्याखाली होते आणि तळियेवर डोंगर कोसळला. अशा रात्री ‘पुढे’ नावाची जागाच उरत नाही. जे आहे ते इथेच असावे लागते.

दक्षिणेकडे सिंधुदुर्गात ‘पुढे’चा अर्थ गोवा. गोव्यातले वैद्यकीय शिक्षण पोर्तुगीज अमदानीत, १८४२ साली सुरू झाले. त्याच परंपरेतले गोवा वैद्यकीय महाविद्यालय आज बांबोळीला आहे. सावंतवाडीहून ते साठ-पासष्ट किलोमीटर, तर आंबोली घाट चढून कोल्हापूर गाठायचे तर जवळजवळ दुप्पट. त्यामुळे दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीच्या गंभीर रुग्णाला राज्याची सीमा ओलांडणे हा सवयीचा भाग होता. १ जानेवारी २०१८पासून गोव्याने परराज्यातल्या रुग्णांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली आणि सिंधुदुर्गात संताप उसळला. दोडामार्गात मोठे आंदोलन झाले. गोव्याला दोष देणे मला बरोबर वाटत नाही. स्वतःच्या करदात्यांसाठी उभारलेल्या खाटा शेजाऱ्यांनी भरल्या, तर कोणतेही सरकार हिशोब मांडणारच. लाज वाटायची ती दुसऱ्या गोष्टीची. १ मे १९८१ रोजी स्थापन झालेल्या जिल्ह्याला पस्तीस वर्षे उलटल्यावरही डोक्याला मार लागलेला माणूस हमखास नेता येईल अशी स्वतःची जागा नव्हती.

त्यानंतर चक्रे हलली. सिंधुदुर्ग आणि अलिबाग येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये २०२१-२२ साली सुरू झाली, रत्नागिरीत त्यानंतर. त्याआधीपासून चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने मध्य कोकणाचा बराच भार उचलला आहे. महाविद्यालय आले की अस्थिरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी, रात्रीचे निवासी डॉक्टर एका छपराखाली येतात, हा लाभ खराच. तरीही ती जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. पोलादपूरच्या डोंगरातून अलिबाग जवळ नाही, आणि डोंगराळ भागात वीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हे सरकारी प्रमाण धरले, तरी त्या केंद्रात रात्री दोन वाजता कोण आहे आणि कपाटात काय आहे, यावरच पहिले दोन तास ठरतात.

गेल्या काही वर्षांत कोकणातल्या केंद्रांना आणि औषधांच्या दुकानांना भेट देताना मी एक प्रश्न ठरवून विचारतो : प्राझोसिन आहे का? बहुतेकदा दुकानदार लांबवर काम करणारी, हळूहळू विरघळणारी गोळी काढून दाखवतो. रक्तदाबाच्या रुग्णाला ती सोयीची. विंचूदंशाला मात्र साधी, लगेच विरघळणारी गोळी हवी. ती आहे का, असे पुन्हा विचारले की दुकानदार फळीवरचे दोन-तीन डबे सरकवून बघतो.