पुड्यापासून फिल्मपर्यंत

परभणीच्या बाजारपेठेचा इतिहास जुळवताना मी दुकानांच्या पाट्यांपेक्षा मालाच्या बांधणीकडे अधिक पाहतो. रद्दीचा पुडा, सुती दोरा, पळसाचा द्रोण मागे पडले. मिठाईच्या खोक्याला घट्ट बिलगणारी पारदर्शक फिल्म आली. कारखान्यात ती गरम असताना ताणून तशीच थंड करतात. पुन्हा आच लागली की ताण सुटतो, ती आक्रसते. यातले पॉलिथिन १९३३ मध्ये इंग्लंडात सापडले, तेही अपघातानेच. केंद्राच्या ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेनुसार मिठाईचे खोके, निमंत्रणपत्रिका आणि सिगारेटची पाकिटे यांवरची फिल्म १ जुलै २०२२ पासून बंद झाली. पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे आवळणारी फिल्म त्या यादीत नाही. माझ्या मते कायद्याने मिठाईवाल्याला धरले, बाटलीवाल्याला सोडले. परभणीच्या उन्हाळ्यात गठ्ठे कशाचे उतरतात, हे वेगळे सांगायला नको.