ओपनरिफाइन : क्लाउड डेटाबेसशी जोडणी

विस्कळीत विदा स्वच्छ करण्याचे मुक्त-स्रोत साधन. मेटावेब कंपनीत डेव्हिड ह्युन व स्टेफानो माझोकी यांनी ते घडवले. 2010 मध्ये गूगलने ती कंपनी घेतल्यावर साधनाचे नाव ‘गूगल रिफाइन’ झाले. 2012 मध्ये गूगलने पाठबळ थांबवल्यावर स्वयंसेवकांनी ते ‘ओपनरिफाइन’ म्हणून पुढे नेले. एकाच गावाचे ‘पुणे’, ‘पुणें’, ‘पूणे’ असे लेखनभेद गटाने शोधून एकरूप करणे हे त्याचे खरे बळ.

ब्राउझरमध्ये दिसले, तरी ते वापरणाऱ्याच्या संगणकावर चालते. क्लाउड जोडणीतील बहुतेक अडचणींचे मूळ इथेच आहे. पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल, मारियाडीबी यांच्याशी ते थेट जोडता येते. त्यासाठी सर्व्हरचा पत्ता, पोर्ट (मायएसक्यूएलसाठी सहसा 3306, पोस्टग्रेएसक्यूएलसाठी 5432), डेटाबेसचे नाव, वापरकर्ता व पासवर्ड लागतो. मात्र अ‍ॅमेझॉन आरडीएस किंवा गूगल क्लाउड एसक्यूएल अनोळखी आयपी पत्त्याला दारातच अडवतात. म्हणून आपला पत्ता परवानगीच्या यादीत घालावा, किंवा एसएसएच बोगद्यातून जोडणी करावी. डेटाबेस साऱ्या जगाला खुला करण्याचा सोपा मार्ग धोक्याचा असून तो कटाक्षाने टाळावा. केवळ वाचनाचे अधिकार असलेले वेगळे खाते उघडणे उत्तम.

जोडणीनंतर एसक्यूएल प्रश्न लिहून हव्या तेवढ्याच ओळी आणता येतात. ही वाहतूक एकेरी आहे: साफ केलेली विदा मूळ तक्त्यात आपोआप परत जात नाही. ती एसक्यूएल किंवा सीएसव्ही फाइल म्हणून उतरवून डेटाबेसमध्ये स्वतंत्रपणे भरावी लागते.