१५ ऑगस्ट १९६५ : किंकाळ्यांत बुडालेले गाणे

न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये या दिवशी ब्रिटिश रॉक बँड बीटल्सचे चौघे गायले खरे. ऐकले किती जणांनी, कोण जाणे! बेसबॉलच्या या मैदानात सुमारे ५५,६०० चाहते लोटले होते, त्यात किशोरवयीन मुलींचा भरणा मोठा. चौघांना चिलखती गाडीतून आणावे लागले.

व्हॉक्स कंपनीने १०० वॉटचे खास अ‍ॅम्प्लिफायर दिले होते. पण गाणे लोकांपर्यंत पोहोचवण्याची भिस्त सामन्यांच्या घोषणांसाठी लावलेल्या कर्ण्यांवर! चाहत्यांच्या किंकाळ्यांच्या अशा गदारोळात ड्रमवरचा रिंगो स्टार पुढच्या तिघांच्या हालचाली पाहून ताल सांभाळत असे.

किंचाळणे, रडणे, भोवळ येऊन कोसळणे. कार्यक्रम मात्र जेमतेम अर्ध्या तासाचा.

पुढच्याच वर्षी, २९ ऑगस्ट १९६६ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोतील कार्यक्रमानंतर बीटल्सनी दौरे कायमचे थांबवले आणि मुक्काम स्टुडिओत हलवला.