पेन्शन की पगार? सॅन होजेच्या पोलिसांची गोष्ट

पोलिसाचा पगार कापणं सोपं की पेन्शन? तुम्ही म्हणाल पेन्शन, ती कुठे आज हातात पडतेय! कॅलिफोर्नियात मात्र उलटं आहे. लाँग बीचच्या पोलीस आणि अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्येच बजावलं होतं की, नोकरीत असलेल्यांच्या पेन्शनमधून काही काढलंत तर तोलामोलाचं काही परत द्या.

आता सॅन होजे बघा. मंदीनंतर शहराची तिजोरी आटली. २०११ मध्ये पोलिसांनी वाटाघाटीत १० टक्के पगारकपात मान्य केली. तेवढ्याने भागेना, म्हणून महापौर चक रीड यांनी पेन्शनचा प्रश्न थेट मतदारांपुढे नेला. जून २०१२ मध्ये जवळपास ७० टक्के मतं पडली. जुन्या कर्मचाऱ्यांपुढे दोनच वाटा: पगारातून जास्तीचे १६ टक्क्यांपर्यंत भरा, नाहीतर कमी लाभाची योजना घ्या.

२०१३ च्या अखेरीस न्यायालयाने हे अडवलं. गंमत म्हणजे तेवढाच पगार कापायची मुभा ठेवली! म्हणजे पैसे त्याच खिशातून जाणार, फक्त नाव वेगळं.

पण पोलीस थोडेच थांबणार होते? शेजारच्या शहरांत नोकऱ्या होत्याच. २००८ च्या सुमाराला सुमारे १,४०० असलेलं दल हजाराच्या खाली आलं. माझ्या मते शहराला वाकवलं ते या गळतीनं, कोर्टानं कमी. २०१५ मध्ये तडजोड झाली, २०१६ मध्ये मतदारांनीच जुना ठराव बदलला. सोडून गेलेले परत आले तर त्यांना जुनी पेन्शन मिळण्याची सोयही त्यात होती.