अमावास्या : एक रात्र, दोन महिने

पंचांगातील काही शब्द इतके अंगवळणी पडलेले असतात की, त्यांचा अर्थ विचारावा असे कोणास सुचतच नाही. ‘अमावास्या’ हा त्यांपैकीच एक होय. हा शब्द कानी पडताच अंधार, अशुभ आणि वर्ज्य कार्ये यांची मालिका मनापुढे उभी राहते. त्याचे मूळ काय, हिंदीत व इंग्रजीत त्याची कशी वाटचाल झाली, हे पाहण्याचे आम्ही योजिले आहे. त्यासाठी वाचकांस प्रथम तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात न्यावे लागेल; कारण या शब्दाचा अर्थ तेथे आजही आचरणात जिवंत आहे.

त्या जिल्ह्यात इंद्रवेल्लीजवळ केस्लापूर नावाचे गाव आहे. गोंड समाजातील मेश्राम कुळाचे दैवत नागोबा येथे आहे. भोवतालच्या मुलखात गोंडी, तेलुगू व मराठी या तिन्ही भाषा शेजारी नांदतात. किनवट व राजुरा हे तालुके तर १९५६ पर्यंत आदिलाबादेतच होते. पौषाची चंद्रकोर दिसली की मेश्रामांची तयारी सुरू होते. कुळातील मंडळी अनवाणी पायांनी गोदावरीकाठच्या हस्तिनामडुगूपर्यंत जातात, झारीत जल घेऊन परततात आणि पौष अमावास्येच्या रात्री त्या जलाने नागोबाची महापूजा होते. कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी भेट घडविली जाते ती याच वेळी. निजामी राजवटीत सरकारी दप्तर फसली सनाने चाले; जत्रा मात्र चंद्राच्याच हिशेबाने भरे.

ज्या पौषास आपल्याकडे ‘भाकड महिना’ म्हणतात, त्याच्याच अमावास्येस तेथे नववधू देवापुढे उभी राहते! हा विरोध आहे काय? शब्दाचा अर्थ पाहिला असता तो मावळतो. ‘अमा’ म्हणजे एकत्र, सोबत; आणि ‘वस्’ म्हणजे राहणे. सूर्य आणि चंद्र ज्या तिथीस एकत्र वास करतात ती अमावास्या. पाणिनीने ‘अमावस्या’ व ‘अमावास्या’ या दोन्ही रूपांस मान्यता दिली आहे. अमरकोशात तिला ‘दर्श’ आणि ‘सूर्येन्दुसंगम’ अशीही नावे आहेत. यांतील एकाही नावात अशुभाचा लवलेश नाही. आहे तो सहवास. कुळात नव्याने आलेल्या सुनेस देवाच्या भेटीस नेण्यासाठी याहून अर्थपूर्ण तिथी कोणती असावी?

हाच शब्द हिंदीत झिजून ‘अमावस’ झाला. आपल्या बोलीत ‘अवस-पुनव’ या जोडशब्दात तो आणखी आखूड झाला. इंग्रजी माणूस तिला ‘न्यू मून’ म्हणजे नवा चंद्र म्हणतो. पूर्वी त्या शब्दाने अस्तानंतर प्रथम दिसणारी कोर दर्शविली जाई. पुढे ज्योतिषशास्त्राने तो सूर्यचंद्रांच्या युतीस लावला. आपल्या पूर्वजांनी सहवास पाहिला, त्यांनी आरंभ पाहिला. तथापि मूळ जवळचेच आहे. इंग्रजीतील ‘मून’ व ‘मंथ’ ही जशी भावंडे, तसाच संस्कृतातील ‘मास्’ शब्द चंद्र व महिना या दोन्ही अर्थी वेदांत येतो.

आता खरी अडचण पाहू. केस्लापुरात ज्या तिथीस पौष अमावास्या म्हणतात, तिलाच प्रयागच्या संगमावर माघाची मौनी अमावास्या म्हणतात. २०२५ साली ही तिथी २८ जानेवारीच्या सायंकाळी लागून २९ च्या सायंकाळी संपली. केस्लापूरची महापूजा २८ च्या रात्री झाली व कुंभमेळ्यातील मोठे स्नान २९ रोजी झाले. तिथी एकच, महिन्यांची नावे मात्र दोन. याचे कारण असे की, महाराष्ट्र, गोमंतक, कर्नाटक, तेलंगण येथे महिना अमावास्येस संपतो, तो अमान्त. उत्तरेत तो पौर्णिमेस संपतो, तो पूर्णिमान्त. शुक्ल पक्षाचे नाव दोहोंकडे समान असते. वद्य पक्षात उत्तरेचा महिना एक पाऊल पुढे जातो. म्हणूनच आपली माघातील महाशिवरात्र तिकडे फाल्गुनात पडते आणि आश्विनातील लक्ष्मीपूजन कार्तिकात.

दोन्ही पद्धती प्राचीन आहेत. तैत्तिरीय संहितेत दोहोंचा उल्लेख आहे. परंतु उत्तरेच्या पंचांगातही अमावास्येचा अंक ३० असाच लिहितात, पौर्णिमेचा १५. अधिक मासही तेथे अमावास्येपासून अमावास्येपर्यंतच धरतात. विक्रम संवत्सर चैत्र शुक्ल प्रतिपदेस, म्हणजे त्यांच्या चैत्राच्या मध्यावर, सुरू होते. गणिताची चौकट अमान्ताचीच राहिली आहे, हे यावरून उघड होते.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. समजा, एखाद्या कुटुंबातील वडील पौष वद्य पंचमीस निवर्तले. मुलगा नोकरीनिमित्त दिल्लीस वा काशीस राहतो आणि तेथील हिंदी पंचांगात ‘पौष कृष्ण पंचमी’ शोधून श्राद्ध करतो. तो पूर्ण एक महिना आधी पिंड ठेवतो, कारण त्या पंचांगात वडिलांची तिथी ‘माघ कृष्ण पंचमी’ या नावाखाली आहे. श्रद्धेत उणेपणा नसतो. शब्दाचा अर्थ ठाऊक नसतो इतकेच. म्हणून आमची वाचकांस विनंती आहे की, घरातील तिथ्यांच्या वहीत प्रत्येक वद्य तिथीपुढे ‘अमान्त’ हा एक शब्द लिहून ठेवावा. पुढील पिढी कोठेही गेली, तरी तिला वाट सापडेल.

मेश्रामांनी पंचांगातील हा वाद कधी सोडविला असेल असे नाही. त्यांना त्याची गरजही नसावी. कोर दिसली की निघावे आणि चंद्र सूर्याच्या घरी गेला की देवाच्या दारी पोहोचावे, असा त्यांचा महिना आहे. अमान्त मासाची व्याख्या याहून सोपी कोणत्याही ग्रंथात आम्हांस सापडली नाही.